भेटीची वेळ : चार ते साडेचार

“भादली होम, हिरवा!”

मागच्या दाराकडून कुणीतरी एवढ्या मोठ्यानं ओरडलं की आबांच्या दंडाला गुंडाळत असलेला बीपीचा पट्टा माझ्या हातून सुटला. पलंगावर आबांनी मान वळवली. त्यांचं उजवं अंग लुळं पडलं होतं, तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं. त्या वाकड्या ओठांमधून लाळेबरोबर काहीतरी बाहेर आलं, “हि… वा.”

“शाब्बास उस्ताद! जळगाव डिस्टंट, पिवळा!”

चपला दाराशी भिरकावून तायडेकाका थेट आत आले. मला पाहून थबकले, मग त्यांचं सगळं तोंड हसलं. “अगं हेमा! कधी आलीस पोरी? वाळलीस किती! तिकडे जेवायला देत नव्हते का?”

भुसावळला पोचून मला जेमतेम एक दिवस झाला होता. मधली अकरा वर्षं मी आयर्लंडमधल्या कॉर्क शहरात एका वृद्धाश्रमात नर्स होते. पक्षाघात झालेली, बोलणं गेलेली, गिळता न येणारी म्हातारी माणसं सांभाळणं हाच माझा रोजचा धंदा. आई गेली तेव्हा मला वेळेवर येता आलं नव्हतं. त्यानंतर आबा एकटेच राहत होते. त्यांना झटका आल्याचा पुण्याहून भावाचा फोन आला तेव्हा मी राजीनामाच दिला, पण सुटून यायला महिना गेला. आईच्या वेळी जमलं नाही ते आबांच्या वेळी चोख करून दाखवायचं, असं विमानात बसतानाच ठरवलं होतं.

तायडेकाका म्हणजे सुखदेव तायडे. आबा रेल्वेत ड्रायव्हर होते आणि काका एकोणीस वर्षं त्यांचे असिस्टंट. इंजिनात असिस्टंटनं होम, डिस्टंट असा प्रत्येक सिग्नल पाहून मोठ्यानं सांगायचा आणि ड्रायव्हरनं तो पुन्हा उच्चारायचा, असा नियम असतो. दोघं रिटायर झाले तरी काकांचं येणं चुकलं नाही. आमच्या घराचं पुढचं दार त्यांनी कधी वापरल्याचं मला आठवत नाही. ते मागून यायचे, माठातलं पाणी स्वतःच्या हातानं घ्यायचे, आणि आई असताना स्वयंपाकघरात डोकावून “वहिनी, काय शिजतंय?” असं विचारायचे.

त्या दिवशीही त्यांनी तेच केलं. माठातून पाणी प्यायले, आबांच्या पलंगावर टेकले, आणि मी आबांसाठी ठेवलेला चहाचा पेला उचलून आधी स्वतः एक घोट घेतला. “गोड आहे, उस्ताद,” असं म्हणून तोच पेला त्यांनी आबांच्या ओठांना लावला. आबांना ठसका लागला. असा ठसका की डोळे पांढरे झाले. मी धावत जाऊन त्यांना पुढे वाकवलं, पाठीवर थापा मारल्या.

“काका, असं पातळ द्यायचं नसतं! फुप्फुसात गेलं तर न्यूमोनिया होईल.”

“अगं, महिनाभर असाच पाजतोय मी.”

“म्हणूनच छाती भरलीय त्यांची.”

त्यांचा चेहरा उतरला. त्या वेळी मला त्याचं काही वाटलं नाही. छाती खरंच भरली होती आणि माकडहाडापाशी जखम व्हायला लागली होती. मी म्हणत होते त्यात खोटं काही नव्हतं.

पुढचे आठ दिवस मी घराशी भांडत काढले. कॉर्कमधली माझी शेजारीण मॉरीन अकरा वर्षांत तीनदा माझ्या घरी आली, तिन्ही वेळा आधी दारात चिठ्ठी टाकून. इथं समोरच्या काकू न विचारता आत येऊन माझ्या बॅगेत काय काय आहे ते बघून गेल्या. कुणीतरी मावशी आबांच्या उशाशी बसून, त्यांना सगळं ऐकू येतंय याचं भान न ठेवता म्हणाली, “आता काही खरं नाही बाई.” मला मात्र तोंडावर विचारलं, “कायमची आलीस, की काढून टाकलं?” रस्त्यावर भोंगे, घरात माणसं, आणि प्रत्येकाच्या हाताला बाहेरची धूळ. मला रात्री झोप लागायची नाही. हे माझंच गाव, माझंच घर, आणि मला तिथं धड श्वास घेता येत नव्हता. मग मी मला येत होतं तेच केलं. नियम केले.

एका कागदावर सुवाच्य अक्षरात लिहिलं : ‘रुग्णाला भेटण्याची वेळ दुपारी चार ते साडेचार. कृपया बेल वाजवावी. हात स्वच्छ करून आत यावे. मोठ्याने बोलू नये. बाहेरचे खाद्यपदार्थ देऊ नयेत.’ तो कागद मी मागच्या दारावर चिकटवला. दाराशेजारच्या खिडकीत हातांना लावायच्या औषधाची बाटली ठेवली. तायडेकाका रोज येणारे, म्हणून त्यांच्यासाठी एक वेगळा पांढरा कप काढून त्याच खिडकीत ठेवला.

चार वाजता काका आले. दारातच थांबले. कागद वरपासून खालपर्यंत वाचला. अर्धवट उघड्या दारातून मला त्यांचे फक्त डोळे दिसत होते.

“बेल वाजवायची म्हणजे… मीही?”

“सगळ्यांनीच, काका. आबांची प्रतिकारशक्ती कमी झालीय. आणि हा तुमचा कप. आबांच्या पेल्यातून नका पिऊ. प्यायलं की धुऊन इथंच खिडकीत ठेवत जा, म्हणजे आतल्या भांड्यांत मिसळायला नको.”

ते कपाकडे पाहत राहिले. खूप वेळ पाहिलं असेल. मी तेव्हा आबांची उशी बदलत होते.

“बरं,” ते म्हणाले.

त्यांनी हातांना औषध चोळलं. पलंगावर न बसता खुर्ची ओढून बसले. मी चहा दिला तो त्यांनी त्या कपातून प्यायला. भादली नाही, जळगाव नाही. हळू आवाजात “कसं वाटतंय उस्ताद?” एवढंच विचारलं. साडेचारला उठले, मागच्या नळावर कप विसळला आणि खिडकीत पालथा ठेवून गेले.

ते गेल्याबरोबर आबा खवळले. घशातून घरघर आवाज काढत डावा हात खिडकीकडे नाचवायला लागले. मला वाटलं, ऊन डोळ्यांवर येतंय. मी खिडकी लावली. त्यांनी पलंगाच्या कठड्यावर मूठ आपटली. मी खिडकी उघडली. तरीही तेच. बोट खिडकीकडे, डोळे माझ्याकडे. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. बीपी घेतलं तर एकशे अठ्ठ्याहत्तर. मी माझ्या वहीत लिहिलं, ‘पाहुणे गेल्यावर अस्वस्थता. खिडकीचा त्रास.’ दुसऱ्या दिवशी खिडकीला जाड पडदा लावला.

काका त्यानंतर तीन दिवस आले. बरोबर चारला बेल. बरोबर साडेचारला निरोप. पाचव्या दिवशी आले नाहीत. सहाव्या दिवशीही नाही. खरं सांगते, मला बरंच वाटलं. घरात शांतता आली. जळगावहून एक वाचा शिकवणाऱ्या बाई आठवड्यातून दोनदा यायच्या, चित्रांचे पत्ते दाखवायच्या. हे केळं, हे घड्याळ, ही गाय. आबा पत्त्यांकडे बघायचेच नाहीत. भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे.

“बोलायची इच्छाच दिसत नाही,” बाई तिसऱ्या खेपेला म्हणाल्या. “सुरुवातीला काही शब्द येत होते का?”

“नाही,” मी म्हणाले. आणि म्हणता म्हणता आठवलं. “एक यायचा. हिरवा.”

“कशावर यायचा?”

मी सांगितलं. त्या पत्ते गोळा करत होत्या, त्या थांबल्या. “अहो, मग तो माणूस कुठाय? तीस-पस्तीस वर्षं तोंडात बसलेले शब्द आहेत ते. या केळ्या-गाईंपेक्षा तेच आधी परत येणार. त्यांना बोलवा की.”

मी नर्स होते. कॉर्कमध्ये सगळं विसरलेली एक आजी फक्त प्रार्थना म्हणायची, आणि तिला तिथूनच बोलायला लावायचं हे मीच नव्या मुलींना शिकवायचे. आणि माझ्या घरात कुणी तेच करत होतं तेव्हा मी दारावर ‘मोठ्याने बोलू नये’ असा कागद लावला होता. त्या दिवशी आबांनी दोन चमचे पेजही घेतली नाही. मी समोरच्या काकूंना घटकाभर बसवलं आणि तायडेकाकांच्या घरी गेले.

त्यांचं घर रुळांच्या पलीकडे, रिटायर झालेल्या रेल्वेवाल्यांच्या वस्तीत. काका भाजी आणायला गेले होते. दारात त्यांची बायको, पंचफुलाकाकू, शेंगा सोलत बसल्या होत्या. त्यांनी मला बघून ‘ये’ म्हटलं नाही, ‘जा’ही म्हटलं नाही. मी पायरीवर बसले.

“काका का येत नाहीत, काकू? बरे आहेत ना?”

“बरे आहेत.”

“मग? कागदाचा राग आला का? तो सगळ्यांसाठीच होता हो.”

काकूंनी हातातली शेंग परडीत टाकली. “कागदाचं काय घेऊन बसलीस. कागद वाचून हे घरी येऊन हसले. म्हणाले, पोरगी साहेबीण होऊन आलीय. रागावले नाहीत.” त्यांनी दुसरी शेंग उचलली. “कप कशाला ठेवलास गं खिडकीत?”

“कप? जंतूंसाठी. तिकडे प्रत्येकाचा वेगळाच…”

“तुला खरंच ठाऊक नाही?”

मी मान हलवून नाही म्हटलं.

“ठाऊक नसेलही. तू पाळण्यात होतीस,” त्या म्हणाल्या. आवाज चढवला नाही त्यांनी. “हे तेव्हा नवीन लागले होते. ड्यूटी संपल्यावर उस्ताद यांना चहाला घरी घेऊन आले. तुझी आजी होती तेव्हा. तिनं चहा दिला, कान तुटलेल्या कपात. प्यायल्यावर म्हणाली, धुऊन मागच्या खिडकीत पालथा ठेव. आमच्या जातीच्या माणसासाठी तेव्हा पुष्कळ घरांत असा एक कप असायचा. यांनी ठेवला. सवयच होती आम्हाला.”

रुळांवरून मालगाडी जात होती. ती जाईपर्यंत काकू थांबल्या.

“उस्ताद आईला काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी स्वतः तो कप मागायला सुरुवात केली. ‘मला खिडकीतल्या कपात दे.’ आजी रडली, दोन दिवस जेवली नाही, तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस म्हणाली. उस्ताद ऐकेनात. दोन महिने त्याच कपात चहा. शेवटी आजीनं स्वतःच्या हातानं तो फोडला आणि यांना घरातल्या कपबशीत चहा दिला. त्या दिवशी हे घरी येऊन एवढे रडले! म्हणाले, पंचफुला, आज मी झोपे ड्रायव्हरांच्या घरात चुलीपाशी बसून चहा प्यालो.”

मला खिडकीकडे नाचणारा आबांचा हात दिसला. मी लावलेला जाड पडदा दिसला. त्यांना ऊन लागत नव्हतं. ते माझ्याकडे कप मागत होते. चाळीस वर्षांपूर्वी स्वतःच्या आईशी जे न बोलता भांडले, तेच आता एका हातानं माझ्याशी भांडत होते, आणि मी त्याचं बीपी वहीत लिहून घेतलं होतं.

काका पिशवी घेऊन आले तेव्हा मी उठून उभी राहिले. त्यांच्या पाया पडायला वाकले तर त्यांनी दोन पावलं मागे घेतली.

“काका, मला खरंच माहीत नव्हतं. आईशप्पथ.”

“असेल ना. तुम्ही बाहेर शिकलात, तिकडची पद्धत असेल.”

तुम्ही. जन्मात पहिल्यांदा त्यांनी मला तुम्ही म्हटलं.

“उद्यापासून या. बेल नको, काही नको. मी कागद फाडून टाकते.”

त्यांनी पिशवी खाली ठेवली. वांगी नीट लावल्यासारखी करत राहिले. मग म्हणाले, “ताई, तुमची चूक आहे असं मी म्हणत नाही. जंतू असतील. पण माझ्या मनाला ते कसं समजावू? चार दिवस समजावलं. कप पालथा घालताना म्हणायचो, सुखदेवा, हा जंतूंसाठी आहे. पाचव्या दिवशी तुमच्या फाटकापर्यंत आलो आणि पाय उचलेना. सदुसष्टावं चालू आहे मला. आता नाही जमत.”

“आबा बोलत नाहीत. जेवत नाहीत. तुमच्याशिवाय…”

काकूंनी काकांकडे पाहिलं.

“उस्तादांना इकडे आणा,” शेवटी ते म्हणाले. “रोज आणा. माझ्या घराला बेल नाही.”

घरी येऊन मी पडदा काढला. खिडकीतला कप घेऊन आबांच्या पलंगाशी उभी राहिले. “आबा, हा हवा होता ना तुम्हाला?” त्यांनी डोळे मिटले. मी चहा केला, त्यात घट्ट करायची पूड घातली, आणि त्या कपातून चमच्या-चमच्यानं पाजला. सबंध कप संपेपर्यंत त्यांनी एकदाही तोंड वळवलं नाही. माझ्याकडे पाहिलंही नाही.

दुसऱ्या दिवसापासून रोज दुपारी मी आणि रिक्षावाला मिळून आबांना रिक्षात घालून पलीकडे न्यायचो. काका दाराशी उभे असायचे. आबांना उतरवून घेताना ते मला “ताई, जरा पाय धरा,” असं म्हणायचे आणि मग दोघं आतल्या खोलीत जायचे. काकू मला आत बोलवायच्या, पण मी पायरीवरच बसायचे. आतून काकांचा आवाज यायचा : शिरसोली, म्हसावद, माहेजी, पाचोरा. पहिले आठ दिवस आबांचं उत्तर नाही. नवव्या दिवशी आलं. त्यानंतर हळूहळू स्टेशनांची नावं यायला लागली, मग ‘पाणी’ आलं, ‘बस’ आलं, काकूंच्या ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीला ‘मऊ’ आलं. एकदा दोघं खूप हसले. कशाला ते मला कळलं नाही आणि मी विचारलं नाही.

घरी मात्र आबा माझ्याशी बोलले नाहीत. शब्द होते आता त्यांच्याकडे. औषध घ्यायचे, जेवायचे, मी कूस बदलली की बदलू द्यायचे. जखम भरून आली, छाती मोकळी झाली. कॉर्कमध्ये असते तर माझ्या कामावर सगळे खूश झाले असते. मी रोज रात्री त्यांच्या अंगावर पांघरूण घालताना म्हणायचे, “आबा, चुकलं माझं.” ते छताकडे बघत राहायचे. ते रागावले होते की दमले होते, की मला सांगण्याजोगे शब्द अजून त्यांच्यापर्यंत पोचले नव्हते, हे मला आजही ठरवता येत नाही.

साडेचार महिने असे गेले. मार्चमधल्या एका सकाळी त्यांना दुसरा झटका आला आणि दवाखान्यात पोचण्याआधीच ते गेले.

भाऊ पुण्याहून आला. नातेवाईक जमले, घर भरलं. तायडेकाकांना मी स्वतः फोन केला होता. ते आले ते फाटकापाशी थांबले. मी बाहेर गेले, सगळ्यांच्या देखत हात जोडले. “काका, आज तरी आत या. शेवटचं तोंड बघा.”

“काल दुपारी बघितलं की,” ते म्हणाले. त्यांचे डोळे लाल होते. “चाळीसगावपर्यंत आलो होतो आम्ही काल. आणा तुम्ही त्यांना बाहेर. मी इथून धरतो.”

तिरडी फाटकाबाहेर आली तेव्हा त्यांनी पुढच्या बाजूचा खांदा घेतला. आमच्यातल्या एका म्हाताऱ्यानं वळणापाशी “आता खांदा बदला” म्हटलं. पाठीमागची माणसं बदलली. काका बदलले नाहीत.

माणसं दिसेनाशी झाली आणि बायका अंगणात कुजबुजत उभ्या राहिल्या. आंघोळीच्या पाण्याचं कुणी बघायचं, यावर बोलणं चाललं होतं. मी पायरीवर बसून राहिले. तेवढ्यात फाटक वाजलं. पंचफुलाकाकू आत आल्या. कुणाकडे न बघता अंगण ओलांडून, मागच्या दारानं सरळ स्वयंपाकघरात गेल्या. त्यांनी मोठं पातेलं काढल्याचा, नळ सोडल्याचा, गॅस पेटवल्याचा आवाज आला. मी आत गेले. त्या माझ्याकडे पाठ करून उभ्या होत्या.

“काका आले नाहीत आत,” मी म्हणाले.

“ते नाही यायचे आता,” काकू म्हणाल्या. पातेल्यावर झाकण ठेवलं. मग वळल्या आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाल्या, “मी आलेय ना. रड आता, रडून घे.”